चाक कुणी बांधलं

मी निघोज्याच्या धोंडिबा सुताराची लेक, चंद्रा. बापाला ल्योक न्हाई, म्हणून चाकाच्या मधला तुंबा धरायला, आरे ठोकायला मीच, आन् गावातली माणसं हसायची की सुताराच्या पोरीच्या हातात लाटण्याआधी लाकूड तासायचा वाकस आला, तर बाप म्हणायचा, हसा, तुमच्या शर्यतीच्या गाड्याची चाकं हीच करती. आता मी नवऱ्याचं नाव घेणार हाय, दचकू नका, चांगल्या घरच्या बायका घेत न्हाईत म्हंत्यात, पण नारायण त्याचं नाव, नारायण, आन् का घेते ते फुडं कळंल तुमाला.

लगीन होऊन आकुर्डीला आले. नारायण चिंचवडच्या एका शेटच्या गॅरेजात, लष्करानं मोडीत काढलेल्या फटफट्या नीट करायचा. शेटला शर्यतीचा नाद. रावेतच्या माळावर फेऱ्या मारायच्या, फटफटी शेटची, चालवणार नारायण, आन् दर खेपेला चौथा. मंग काय केलं ह्यांनी, दिवा काढला, मडगार्ड काढलं, शिटातला काथ्या काढला, आन् काय सांगू तुमाला, नारायणानं आठ दिस भाकर सोडली, वजन कमी करायला! चहा आन् शेंगदाण्यावर माणूस. वाळून काटकी झाला, आन् शर्यतीत पुन्हा चौथाच. मी म्हणाले, अहो, पोटाला कशाला मारता, चाकं बघा की, जात्यावानी जड हायेत. तर म्हणाला, तू तुझ्या भाकऱ्या बघ.

माझा बाप अडाणी, पण एक सांगायचा, गाड्यावरलं वजन बैलाला एकदा, धावेतलं दोनदा. का, तर चाकाच्या कडंचं लोखंड ओढायचं बी आन् फिरवायचं बी. भंगारात कुण्या गोऱ्या सायबाच्या शर्यतीच्या फटफटीच्या दोन ॲल्युमिनच्या रिंगा पडल्या व्हत्या, त्या नारायणानंच घरी आणल्या, कशाला, तर परसात काकडीचा येल चढवायला! येल उतरवला मी. जुने तुंबे घेतले, आऱ्यांच्या जागी तारा घातल्या, तीन दुपारा बसून एकेक तार आवळली, नखानं वाजवून बघितली, समद्या तारा एका सुरात बोलल्या तवा उठले. मंग जुनं चाक आन् माझं चाक शेजारी टांगलं आन् म्हणाले, एका बोटानं फिरवा. जुनं हालंना, आन् एकदा हाललं तर थांबंना. माझं टिचकीनं फिरलं, हात लावला की थांबलं. नारायणानं माझी चाकं फटफटीला चढवली.

खोटं सांगणार न्हाई, लांब सरळ वाटंवर फार फरक न्हाई पडला, पण निशाण पडल्या पडल्या आन् दर वळणातून निघताना फटफटी अशी उठायची की बाकीचे धुळीत. पैला आला. हार घातला, पेढं वाटलं, आन् एकानं इचारलं, नारायणराव, चाकं कुणी बांधली? मी धा पावलांवर उभी, पदर नीट केला बघा येड्यावानी. आन् हा म्हणाला, आमच्या गॅरेजातल्या मिस्त्रीनं.

अंगाची लाही लाही झाली माझ्या. घरी आल्यावर इचारलं, का वो? तर म्हणाला, बायकोनं बांधली म्हणून सांगू? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या. मी म्हणाले, त्यांनी कशाला घालायचं, तुमी सवताच खाल्लंय की.

फुडल्या शर्यतीला चाकं तपासायला शेटनं मिस्त्रीकडं दिली, कारण बांधणारा तोच ना! त्याला बी वाटाया लागलं असंल की आपणच बांधली. त्यानं कुठं सैल केलं, कुठं आवळलं. माळावर फटफटीच्या शेजारनं जाताना मी मागच्या चाकाच्या तारांवरनं बांगडी फिरवली, तर पाच तारा बद्द वाजल्या, सैल. एकदम बद्द. मनात म्हणलं, पडू दे, मिस्त्रीचं चाक हाय ना, मरू दे. खरंच म्हणलं, देवाशप्पथ. पण निशाणवाल्यानं हात वर केला आन् माझ्यानं राहवंना. पदर खोचला, समद्या माणसांतनं आत शिरले, नारायणाच्या खिशातनं तारा पिळायची चावी काढली आन् मातीत बसून तारा आवळल्या. निशाणवाला म्हणाला, ही बाई कोण? नारायण वर बघंना. म्हणाला, घरातली हाय.

घरातली! घरातली तर मांजर बी असती!

त्या दिवशी बी पैला आला. धडधाकट आला, त्येच लई. पण त्या दिसापासनं मी त्याला नावानं हाक मारते, चारचौघांत, आळीत, नळावर. सासू कपाळ बडवून घेती, म्हणती, अगं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी व्हतं. मी म्हणते, सासूबाई, तुमच्या ल्येकाचं आयुष्य मी तारंतारंनं आवळून दिलंय, ते नाव घेतल्यानं काय कमी व्हतंय?

आता चिंचवडची, देहूरोडची चाकं गोणपाटात झाकून माझ्या दारात येत्यात. चोरीचा माल असल्यावानी. नारायण बी तसंच आणतो, भिंतीला टेकवतो, म्हणतो, जरा बघ. मी पाठ करून बसते, पण बघते. राग डोक्यात ऱ्हातो, हातात उतरत न्हाई, काय करू. येत्या आयतवारी शर्यत हाय, चाक बांधून ठेवलंय, सुखरूप येऊ दे त्याला, एवढंच मागते देवाला.

तुमी लिवताय न्हवं? मंग पैलं माझं नाव लिवा, चंद्राबाई. चाक तिनं बांधलं, आसं लिवा. चालवणाऱ्याचं नाव खाली लिवलं तरी चालंल.