माईक माझ्याच हातात होता

...आणि वर मलाच विचारतात, 'काय रे अनुपम, चेहरा का असा?' अहो, कसा असणार चेहरा? कॉलेजपासून जिच्यावर जीव टाकला, आणि तिला एका शब्दानं सांगितलं नाही, ती मुलगी दुसऱ्याच्या हवाली कुणी केली? मी! तीही माईकवरून, अख्ख्या गावासमोर! पण तुम्हाला सांगतो, सिनेमाला दोष देऊ नका. सिनेमा थोरच आहे!

कुठला म्हणून काय विचारता? तो जुना, परदेशी, काळा-पांढरा. युद्ध पेटलंय, शहराला वेढा पडलाय, बंदरातून शेवटची बोट सुटतेय, एक व्हायोलिनवाला, त्याची लाडकी नर्स, आणि त्या नर्सला मागणी घातलेला एक डॉक्टर. बोटीत जागा दोनच! व्हायोलिनवाला आपली जागा डॉक्टरला देतो आणि धुक्यात एकटा उभा राहतो... पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला जेवण जाईना. आई म्हणाली, 'कावीळ तपासून घे.'

तर माधवी. खालापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, कर्जतला माझ्याच वर्गात. तिला स्थळ आलं, स्वप्नील. भिवपुरीच्या वीजकेंद्रात कायम नोकरी, राहायला क्वार्टर, भांगसुद्धा पट्टी लावून पाडलेला! मी तिच्या वडिलांना काय सांगू? 'काका, माझा फिल्म क्लब आहे'? म्हणून ठरवलं, तिच्याच गावात हा सिनेमा दाखवायचा. त्या व्हायोलिनवाल्याचे हाल बघून तिला कळेल की असल्या त्यागानं आयुष्याचं मातेरं होतं, आणि शो संपला रे संपला की मी विचारणार, 'माधवी, माझ्याशी लग्न करशील?' वाईट होती का योजना? सांगा ना!

गावच्या सभामंडपात पांढरी चादर बांधली. सिनेमा सुरू होतो न होतो तोच तिचे वडील, येसाजीकाका, ओरडले, 'अरं अनुपम, रंग कुठं गेला? वायर बघ, वायर!' म्हटलं, 'काका, हा असाच आहे.' 'असाच? मंग फुकट हाय त्येच बरं हाय!' मागून तिची आई, सुंदराकाकू, 'अवं, तुमी गप बसा! पर ती बाई बोलती काय रं? आमाला नाय समजत!' झालं! मी माईक घेतला आणि खालची इंग्रजी अक्षरं वाचून मराठीत सांगत सुटलो. तो बोलला की मी, ती बोलली की मीच, बॉम्ब पडला तरी मीच! आणि काय सांगू, मंडप हळूहळू चिडीचूप. तंबाखू मळणारे हात थांबले! म्हणून म्हणतो, सिनेमा थोरच आहे!

...आणि आलं ते बंदर. तो तिच्याकडे बघतोय, मी पहिल्या रांगेतल्या माधवीकडे बघतोय, आणि खाली अक्षरं उमटली. आता तिथं नुसतं 'थांब' म्हटलं असतं, तर कुणाला कळणार होतं? तिच्या बापालासुद्धा नाही! पण कलेशी बेइमानी? आणि मी? शक्यच नाही! डोळे पुसत बोललो, 'तू त्याच्याबरोबर जा. तो भला माणूस आहे. तू सुखात आहेस एवढं कळलं, की मला पुरे.'

पुढून हुंदका आला हो! माधवीचा! दिवे लागले, ती धावत आली, डोळे भरलेले, मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, 'अनुपम, मलाही तू आवडायचास रे. घरच्यांना काय सांगू, कळत नव्हतं. पण तू इतक्या मोठ्या मनानं मोकळं केलंस मला! मी स्वप्नीलला हो म्हणते.'

अगं, ते मी नाही, तो व्हायोलिनवाला! पण बोलू कुठून? येसाजीकाकांनी मिठी मारली होती, श्वास घेता येईना. 'मानलं गड्या तुला! नायतर हल्लीची पोरं... हातची जागा कोन सोडतं?'

साखरपुडाही झाला. म्हटलं, संपलं एकदाचं. कुठलं संपतंय! सिनेमा थोर आहे ना! काल सुंदराकाकू घरी हजर, बरोबर शेजारीण. 'अनुपम, हिची पोरगी आवडी चांगल्या स्थळाला नाय म्हनती रं. कोनी कवी गाठलाय. तिला येवडा तो पिक्चर दाखव. आन् बंदरावरचं बोलनं तसंच बोल हां, रडत रडत. गुन येतो त्याला.'

काय करणार? नाही म्हणवेना. रविवारी शो ठेवलाय. खुर्च्या मांडायला तो कवीच येतोय, हौसेनं.