धक्क्यापलीकडचं बेट

काकू: आणि तिथं गेल्यावर नारळाकडे बघायचंसुद्धा नाही, डॉक्टरांनी बंद केलाय तो तुम्हाला. झाडावर दिसला तरी मान वर करायची नाही.

काका: म्हणजे अख्खं बेट मान खाली घालून बघायचं म्हण की.

काकू: वाळू बघा. लोक नुसती वाळू बघायलाही एवढ्या लांब जातात.

सिस्टर: काका, आधी काट्यावर उभे राहा. चपला काढून. आणि हातातली पिशवी खाली ठेवा, नाहीतर डायलिसिसच्या मशीनला तिचंही पाणी काढावं लागेल.

काका: पिशवी हिची आहे. मी नुसता हमाल.

काकू: त्यात शर्ट आहे, सिस्टर. बघा ना कसा आहे. बेटावर घालायला घेतला यांना.

सिस्टर: अरे वा, पोपट!

काका: पोपट काय, जंगल आहे सगळं त्याच्यावर. आणि बाह्या अर्ध्या. मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालत नाही हे हिला चांगलं माहीत आहे.

काकू: का घालत नाही तेही माहीत आहे. हातावरची ती फुगलेली शीर लोकांना दिसते म्हणून. दिसू दे की! तिच्यावर तर सगळा संसार चाललाय आपला.

सिस्टर: वजन छान आहे. पाणी आटोक्यात ठेवलंत या वेळी. या, पलंगावर या. आज आपला दिवस आहे ना?

काका: कसला दिवस?

सिस्टर: वेड पांघरू नका, काका.

काका: अहो सिस्टर, नेहमीसारखी तुम्हीच सुई लावा आणि मोकळ्या व्हा. मशीन चालू करा, मी आपला झोपतो.

काकू: झोपतो म्हणे! बेटावरच्या दवाखान्यातला माणूस काल पुन्हा बोलला माझ्याशी. दोनच मशीन आहेत त्यांच्याकडे, तिथल्याच लोकांना पुरत नाहीत. तरी बिचाऱ्याने पुढच्या महिन्यात आपल्यासाठी जागा अडवून ठेवलीय. म्हणाला, आज दुपारच्या आत काय ते सांगा, नाहीतर दुसऱ्या कुणाला देतो.

काका: दे म्हणावं. गरजवंताला मिळेल.

काकू: आणि आपण कोण, शेठ लागून गेलो? अहो, किती फोन केले मी! फोन उचलला की तो माणूस आता माझा आवाज ओळखतो. डॉक्टरांची परवानगी आणली, सगळे रिपोर्ट पाठवले. बोट कधी सुटते, दवाखान्यापासून खोली किती लांब, जेवणात मीठ कमी घालतील का, सगळं विचारून झालं. इथं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येता, तसे तिथंही तीनदा जाल. मधले दिवस समुद्राचे. एवढं जुळवून आणलं, आणि आता तुम्हीच मोडता घालताय.

काका: मशीनचं काही नाही गं. मशीन सगळीकडे सारखंच. पण सुई कोण लावणार? सिस्टर येणार आहेत का आपल्याबरोबर?

सिस्टर: माझी रजा मंजूर करून आणा, लगेच येते. पोपटांचा शर्ट मीही घेते.

काका: थट्टा नको. तुम्ही बहिणीच्या लग्नाला गेला होतात तेव्हा काय झालं, विसरलात? दुसऱ्याने सुई लावली आणि शिरेच्या आरपार घातली. कोपरापर्यंत काळानिळा पडला होता हात. उजव्या हाताची शीर आधीच बाद झालीय. ही डावी एवढीच उरली. हीही गेली तर?

सिस्टर: नाही विसरले. म्हणून तर म्हणते, तुमची सुई तुम्हीच लावायची. मग बेटावर जा नाहीतर चंद्रावर जा. तिथला माणूस नुसता शेजारी उभा राहील. इतके आठवडे शिकवतेय मी तुम्हाला. रबरी हातावर तर नवीन आलेल्या आमच्या मुलींपेक्षा चांगली लावता.

काका: रबराला दुखत नाही. रबराला बायकोही नसते.

काकू: बायकोने काय घोडं मारलंय?

काका: काही नाही. आपलं बोललो.

काकू: मागच्या वेळी सुई हातात घेतलीत, सगळी तयारी झाली, आणि ऐन वेळी म्हणालात, आज नको, हात थरथरतोय.

काका: थरथरत होता.

सिस्टर: नव्हता. डोळे मिटले होते तुम्ही. मी बघत होते.

काका: आणि ही कुठे होती? बाहेर! सुई लावायची वेळ आली की ही नेमकी बाहेर. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय हिचं!

काकू: नाही बघवत मला. झालं? बाहेरच्या बाकावर बसते आणि समोरच्या भिंतीतली भेग बघते. आधी बोटभर होती, आता पार छताला टेकली. त्या बाकावर मी स्वेटर विणले, सुनेशी फोनवर भांडले, मिटवलं, डबा खाल्ला, रडलेसुद्धा. घरातून निघते ती त्या बाकापर्यंत, आणि बाकावरून घरी. एवढंच फिरणं राहिलंय माझं.

काका: मग तेच तर सांगतोय. तू जा ना. शेजारच्या वहिनी जातायत, त्यांच्याबरोबर जा. इथं मला काय धाड भरलीय? येईन रिक्षाने, जाईन रिक्षाने.

काकू: आलात मूळ पदावर!

सिस्टर: काका, तोंड चालू ठेवा, माझी हरकत नाही. पण हात धुऊन घ्या. कोपरापर्यंत, साबण लावून.

काका: धुतो.

काकू: तुम्हाला सांगते सिस्टर, हे पर्यटकांची बस चालवायचे. उभा जन्म तेच केलं. लोकांना घेऊन थेट धक्क्यापर्यंत जायचे. लोक बोटीत बसून बेटावर निघून जायचे, आणि हे काय करायचे विचारा.

काका: बस धुवायचो.

काकू: बस धुवायचे! आणि मग मागच्या सीटवर झोप काढायचे. संध्याकाळी लोक परत यायचे, पायाला वाळू चिकटलेली. ती वाळू हे झाडणार. आणि रात्री जेवताना मला सांगणार, आज पाणी हिरवंगार होतं म्हणतात. आज मासे उड्या मारत होते म्हणतात. म्हणतात!

काका: ड्रायव्हरने गाडी सोडून जायचं नसतं. नियम होता तसा.

काकू: आणि मला काय सांगायचात? एकदा रिटायर होऊ दे, मग तुला घेऊन जातो. झाले एकदाचे रिटायर. महिना नाही लोटला, तर यांच्या किडन्यांनी…

काका: त्यांनीही राजीनामा दिला.

काकू: हसू नका हो! मला नका बेट दाखवू. बेट मी टीव्हीवर पाहिलंय, पोटभर पाहिलंय. तुम्हाला बोटीत चढताना बघायचंय मला. सगळ्या दुनियेला चढवून दिलंत, बायका, म्हातारे, ओकणारी पोरं, सगळ्यांना हात धरून. स्वतः कधी बोटीच्या फळीवर पाय नाही ठेवला. शेजारच्या वहिनींबरोबर जाऊन मी काय करू? त्यांचे पाय बघत बसू?

काका: हळू बोल जरा. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा बघतायत.

काकू: बघू देत. त्यांनाही कळू दे.

काका: भीती वाटते गं मला! घे, म्हटलं. ऐकायचं होतं ना तुला? दुसऱ्याने चूक केली तर त्याला चार शिव्या तरी घालता येतात. माझ्या हाताने माझीच शीर गेली, तर काय तोंड दाखवू तुला?

काकू: हेच दाखवा. दुसरं आहे कुठे तुमच्याकडे?

सिस्टर: काका, इकडे बघा. मला एक सांगा. बसचं इंजिन बिघडलंय हे तुम्हाला कसं कळायचं?

काका: आता इंजिन कुठून आलं मध्येच?

सिस्टर: सांगा तर.

काका: कळायचं. आवाजावरून कळायचं. नाहीतर बॉनेटवर हात ठेवायचा नुसता.

सिस्टर: डोळे लागायचे?

काका: डोळे कशाला? हाताला कळतं सगळं.

सिस्टर: मग दोन बोटं ठेवा शिरेवर. सुईचं नाव काढू नका अजून. काय लागतंय हाताला, तेवढं सांगा.

काका: धडधडतंय… मनगटाकडे जोर जास्त आहे. इथून वर जरा सरळ जाते. मग आतल्या बाजूला वळते. वळणापाशी नाही लावायची. वळणाच्या अलीकडे, हे इथे.

सिस्टर: ते वळण सापडायला मला महिना लागला होता.

काका: मी रोज झोपताना हात ठेवून बघतो ना. चालू आहे का.

काकू: हे मला कधी बोलला नाहीत.

काका: सगळंच बोलत बसलो तर तू झोपशील का?

सिस्टर: बरं. जागा ठरली. आता पुसून घ्या, आतून बाहेर गोल. सुकू द्या. फुंकर मारायची नाही! हां. कातडी खालच्या बाजूला ताणून धरा. सुईचं तोंड वर. काकू, तुम्ही बाहेर जाताय ना?

काकू: नाही.

काका: जा गं. चक्कर येईल तुला.

काकू: आली तर पडेन. दवाखान्यातच आहे की. तुम्ही वळणाकडे लक्ष द्या.

सिस्टर: काका, डोळे उघडे. घाई नाही. पण थांबायचंही नाही.

(काका सुई शिरेवर टेकवतात. खोलीत शेजारच्या मशीनचा आवाज तेवढा येत राहतो.)

काका: गेली.

सिस्टर: हलू नका.

काका: गेली ना? सिस्टर, गेली ना?

सिस्टर: मला काय विचारता? नळीत बघा.

काका: आलं! रक्त आलं! लाल आलं!

सिस्टर: लालच येतं, काका. आता सुई आडवी करा. अजून जरा पुढे. सावकाश… बस्स! चिकटपट्टी लावा. वाह!

काकू: लागली? नीट लागली का हो?

काका: लागली म्हणजे! अगं, एका झटक्यात! कळलंसुद्धा नाही तिला, शिरेला!

काकू: पाहिलं हो मी! सगळं पाहिलं! अगं बाई, बसते जरा. 

सिस्टर: आजोबा! आजोबा, टाळ्या नका वाजवू, तुमच्या हातात सुई आहे!

काका: वाजवू द्या हो, एकच हात हलवतायत ते. आजोबा, पाहिलंत ना? या वयात शिकलो!

सिस्टर: आता गप्प पडून राहा. दुसरी सुई, रक्त परत आत सोडायची, ती मी लावते.

काका: हात लावायचा नाही.

सिस्टर: काय?

काका: दोन्ही मीच लावणार. तिथं बेटावर दुसरी कोण लावणार आहे, तो फोनवरचा माणूस? द्या इकडे. या सुईची जागा वर आहे, कोपराखाली. ती तर आणखी सोपी. पुसायचं द्या.

काकू: आता आवरा यांना!

सिस्टर: मी नाही आवरत. चला… हां… तोंड वर… बस्स. आली. काका, आता मला नोकरीची काळजी वाटायला लागली.

काका: दुखलं जरा. पण खरं सांगू? तुम्ही लावता त्यापेक्षा कमी.

सिस्टर: ऐका! गुरूलाच नावं ठेवतायत. बरं, मशीन चालू करतेय. आणि एवढ्यात हवेत जाऊ नका. निघेपर्यंत दर वेळी तुम्हीच लावायची, मी हात मागे बांधून उभी राहणार. हात नीट बसला की मगच मी बोटीत बसू देईन.

काका: कबूल. ए, फोन लाव त्याला. आणि हे बघ, बोट सकाळचीच घे. दुपारनंतर वारा सुटतो, पाणी उसळतं. आणि जाताना डाव्या बाजूला बसायचं. उजवीकडे ऊन भाजून काढतं.

काकू: तुम्हाला काय माहीत? बसलात कधी बोटीत?

काका: संध्याकाळी लोक उतरायचे ना, त्यांचे उजवे गालच लाल असायचे. इतकी वर्षं बघत होतो मी.

काकू: ऐकलंत ना सिस्टर? मनातल्या मनात कितीदा जाऊन आलेत ते!

काका: टोपी घे दोघांना. आणि पाणी मोजून प्यायला तो छोटा पेला घे. समुद्रात पाय बुडवले तर चालेल ना, सिस्टर?

सिस्टर: पाय काय, गुडघ्यापर्यंत जा. हात तेवढा कोरडा ठेवायचा, सुईच्या जागा भरेपर्यंत. आणि नारळ?

काका: मान खाली.

काकू: आणि शर्ट?

काका: घालतो की. पोपटांनी काय वाकडं केलंय माझं? फोन लाव तू. वेळ टळली तर तो माणूस जागा देऊन टाकेल.

काकू: लावतेय ना! नंबरच सापडत नाही. हां, लागला… हॅलो? मीच बोलतेय, रोज तुमचं डोकं खाणारी. येतोय आम्ही! हो, नक्की. पुढच्या महिन्यात, ठरल्याप्रमाणे… काय? सुई कोण लावणार? हे स्वतः लावतात. अहो हो, स्वतः, दोन्ही! आत्ताच लावल्या, माझ्या डोळ्यांदेखत… मी? नाही हो, मला काही काम नाही तिथे. मी नुसती फिरायला येतेय.