एकोणीस दिवस टिकलेला एल्बो

मी, व्हर्ना स्टॉलिंग्स, वय ५७ वर्षे, धंदा वेल्डिंग, नोकरी केमिकल कारखान्यात, राहणार हंटिंग्टन, वेस्ट व्हर्जिनिया. समक्ष विचारल्यावरून सांगते की, जखमी डेल्मर स्टॉलिंग्स हा माझा धाकटा दीर असून त्याच कारखान्यात ऑपरेटर आहे.

गरम हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या लाइनवर निकेल-मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूचा एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा तुकडा, होता. तो अकरा वर्षं टिकला. १२ मार्च रोजी सकाळी तो बदलण्यासाठी खरेदी मॅनेजर प्रेस्टन हॅव्हर्टी यांनी नवा आणून दिला. आमच्यात वेल्डिंगआधी तुकडा ग्राइंडरला लावून ठिणग्या बघतात. निकेलच्या आखूड, लालसर, मोजक्याच. याच्या हातभर लांब, पिवळ्या उडाल्या. मी म्हटलं, "साहेब, हे साधं स्टेनलेस आहे."

त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्याचं लोहचुंबक काढून लावलं. "चिकटतंय का? नाही ना? मग निकेलचा मिश्रधातूच. तू आपलं जोडायचं बघ, बाई."

"तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकलाही चिकटत नाही. ओता त्यात हे अ‍ॅसिड," मी म्हटलं. ते हसले. सदर इसमाच्या केबिनमध्ये इंजिनिअरिंगची डिग्री टांगलेली आहे. भिंतीचा पोपडा झाकायला लावली असावी.

३१ मार्च रोजी सकाळी १०.४० वाजता एल्बो फुटला. डेल्मर खाली व्हॉल्व्ह उघडत होता. अ‍ॅसिड चष्म्याच्या फटीतून आत गेलं. उजवा डोळा गेला. डाव्याबद्दल डॉक्टर बोलत नाहीत.

माझा जोड फुटला, असं हॅव्हर्टी यांनी लिहून दिलं आहे. जोड निकेलच्या तारेने केलेला आहे. तुकडा तुमच्या टेबलावर आहे. जोडाचं कडं शाबूत आहे आणि त्याला लागून असलेला एल्बो अ‍ॅसिडने खाऊन कागदासारखा झाला आहे. आंधळ्यालाही चाचपून कळेल. हे वाक्य खोडा.

त्या लाइनखाली जायला डेल्मर कधी कचरला नाही. "वहिनीने जोडलंय ना? झालं तर मग," म्हणायचा.

जबाब मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतः वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. खोडायला सांगितलेलं वाक्य तसंच राहिलं आहे, राहू द्या. खाली एक ओळ मी माझ्या हाताने वाढवली आहे.

ठिणग्या पिवळ्या दिसल्या, तरी तो एल्बो मीच जोडला.