रेडिओच्या आवाजाखाली

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या खटाऱ्याला शिव्या घालत बसलो होतो. शेजारी एक म्हातारं जोडपं. त्यांच्या फिरत्या घराचा गिअरबॉक्स मेकॅनिकने खोलून समोर ठेवला होता.

"काका, हा चार दिवस तरी ओरडत असणार. ऐकू नाही आलं?"

"आलं की. ही घाबरेल म्हणून रेडिओ मोठा केला."

"रेडिओच्या आवाजातही येत होतं मला ऐकू."

"मग तोंड शिवलं होतंस का?"

"बोलले असते, तर तुम्ही गाडी घरी वळवली असती. पोरगा गेल्यापासून त्याची खोली उघडवत नाही मला. त्याचे बूट अजून दारात आहेत."

"आठ दिवस लागतील, काका. तोवर बसने घरी जाऊन या."

"नको रे," काका म्हणाले, "आम्ही गाडीतच राहू. तू सावकाश पंधरा दिवस लाव."