आवाज येऊन राहिला का?

आदरणीय अध्यक्ष चंद्रभानजी, व्यासपीठावरील मान्यवर, निवृत्त होत असलेल्या आजच्या सत्कारमूर्ती माणिकबाई आणि अकोल्याच्या या सभागृहात जमलेले आपण सर्व रेडिओप्रेमी,

आधी एक दुरुस्ती. मघाशी बाईंचा परिचय करून देताना मी सवयीनं म्हणाले की, प्रसारण डिजिटल झालं तरी जुन्या सेटवर आपलं केंद्र ऐकू येईल. ते चूक आहे. दोन्ही प्रसारणं सोबत चालली, तरच ते खरं. एकतीस तारखेला जुनं बंद होतंय. त्यानंतर जुन्या सेटवर नुसती खरखर. आणि हेच चुकीचं मी मागच्या महिन्यात सेमाडोह गावी माझ्या सुभद्राआत्याला सांगून आले आहे.

निरोपाच्या दिवशी हे कशाला, असं वाटेल. पण वेगळं कसं करू? शाळेच्या आधी आत्यानंच मला मुळाक्षरं शिकवली, चुलीजवळ, रेडिओ लावून. हवामान सांगण्याआधी माणिकबाई रोज विचारायच्या, "आवाज येऊन राहिला का?" आणि थांबायच्या. तेवढ्यात लोक बटण फिरवून केंद्र नीट लावून घ्यायचे. आत्या मात्र हातातलं काम थांबवून उत्तर द्यायची, "येऊन राहिला बाई, बोला."

मी म्हणायची, "आत्या, त्याइले कुठं ऐकू जाते?"

"मंग थे थांबते काहून?"

आता ती एकटी राहते. सकाळी तिला काही विचारणारा तो एकच आवाज.

त्यानंतर केंद्राच्या बैठकीत जुनं प्रसारण बंद करण्याच्या विरोधात मी बोलले. समोरचं म्हणणं खोटं नव्हतं: वीज वाचते, आवाज स्वच्छ येतो, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन कार्यक्रम जातात. मी म्हणाले, आत्याच्या घरी मोबाइललाही रेंज नाही. एक साहेब हसले, "मॅडम, आत्याले नवा सेट घेऊन द्या ना!" अमरावतीची दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "डिजिटल? ताई, यंदा रेडिओ मागणाऱ्याच तुमी पयल्या!"

निर्णय तर झालाच आहे. एक तारखेपासून बाईंच्या खुर्चीत मी बसेन. काल त्या म्हणाल्या, "विचारल्यावर थांबायचं विसरू नको." मी विचारलं, "कोणासाठी, बाई?"

बाई, तुमच्या आवाजानं आमच्या घराला सोबत केली. आभार कोणत्या शब्दांत मानू? आनंदाच्या दिवशी रडगाणं गायले असेन, तर लेक समजून पोटात घाला. सेट बिघडला समजून आत्या एक तारखेला बटण फिरवत बसू नये, म्हणून परतवाड्याहून पहिली जीप धरून मी तिला समोर बसून खरं सांगायला जाणार आहे. येत्या रविवारी, एकोणतीस तारखेला.