उस्मानचा आवाज अजून फिरतोय

मी गुलाब मुलाणी, परंदवडीचा, सोमाटण्याजवळची परंदवडी. बाप मुलाणी, बापाचा बाप मुलाणी, म्हंजे गावात बोकड पडायचं आसलं की सुरी आमीच फिरवायची, मग ते पाटलाचं आसू द्या न्हाईतर कुणाचं, जत्रेचं आसू द्या न्हाईतर जावळाचं. मुलाण्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवली तरच चुलीवर भांडं चढायचं, मराठ्याच्या घरात बी हीच रीत, कुणी पाडली म्हणाल तर मला ठावं न्हाई, बापाला बी ठावं नव्हतं. शाळा दुसरीपत्तुर. अक्षराला अक्षर लावून वाचतो, सही करतो, पुढं हात चालत न्हाई. पर सुरी चालती. लोक म्हणतात म्हातारा झाला, हात कापतो. माझा न्हाई कापत, हे बघा.

बापानं मला तीन गोष्टी शिकवल्या. जनावराच्या म्होरं सुरी घासायची न्हाई, एकाच्या देखत दुसरं कापायचं न्हाई, आन पाणी पाजल्याबिगर हात लावायचा न्हाई. तहानलेलं जनावर कापलं तर उद्या वर गेल्यावर ते तुझ्याकडं बोट दाखवंल, बाप म्हणायचा. बाप लय कडक. मी बी तसाच, बायको म्हणती तुमच्या बापानं मरताना जीभ तुमाला देऊन टाकली.

आता उस्मानचं सांगतो ताई, कारण तुमी त्याचंच लिहायला आलाय. उस्मान लोणावळ्याचा. त्याच्या मामाचं घर आमच्या घराला लागून, म्हणून पोरपणी हितंच आसायचा, एका चटईवर बसून आमी कुराण शिकलो, त्याचं पाठ व्हायचं, माझं न्हाई व्हायचं, मग माझ्या वाटणीचं बी तोच म्हणायचा आन उस्ताद डोळे मिटून आसायचे, त्यांना कळायचं न्हाई. का कळायचं आन बोलायचे न्हाईत, कुणाला ठावं. मोठा झाल्यावर रेल्वेत खलाशी लागला, रिटायर झाला आन लोणावळ्याच्या मशिदीत बांग द्यायला लागला. काय आवाज हुता, काय सांगू तुमाला. पावसात, धुक्यात, हात म्होरं दिसत न्हाई आन उस्मानची बांग वळणावरनं घरात यायची. चिक्कीच्या दुकानातली हिंदू माणसं म्हणायची उस्मानचाचा बोलले, येळ झाली, आता गल्ला बंद करा. त्या आवाजावर लोकांचा भरवसा हुता. ह्ये ध्यानात ठेवा, पुढं लागतंय.

हातात फोन आला तसं जमातीचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, चारशेच्या वर माणसं त्यात. मला लिहाय येत न्हाई, उस्मानला बी कमीच यायचं, म्हणून आमी दोघं बोलून धाडायचो. ते बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडलं की गेलं. सुटलं की गेलंच, सुरीवानी. उस्मान सकाळी ग्रुपवर सगळ्यांना सलाम करायचा आन एक चांगली गोष्ट सांगायचा, लोक वाट बघायची. मौलाना शुक्रवारी सांगायचे, खबर आली तर आदी खरी का खोटी बघा, मग तोंड उघडा, तुमच्या दोनी खांद्यावर लिहिणारे फरिश्ते बसल्यात, तोंडातनं निघालं की लिहिलं, बोटानं दाबलं तरी लिहिलं. उस्मान पहिल्या रांगेत बसून मान हालवायचा. शुक्रवारी मी बी तितंच जायचो, मागं भिंतीला टेकून बसायचो.

तीन सालाखालच्या चैतातल्या जत्रेची गोष्ट. टेम्पोतनं बोकडं आणली, ऊन म्हणजे नुसती आग, त्यात पाटलाचं एक बोकड टेम्पोतनं पडलं, पाय बांधलेले, जागचं हालंना. पाटील म्हणला गुलाबभाऊ, उरक, हे जाईल. मी म्हणलं जात न्हाई, घाबरलंय ते. सावलीत घेतलं, मांडीवर मान घेतली, तांब्यानं तोंडात पाणी सोडत बसलो, जीभ बाहेर, डोळे पांढरे, बघणाराला मेलेलंच वाटावं. लय येळ बसलो. मग उठलं ते, कान झाडले, माझ्याच बाराबंदीला तोंड पुसलं. चार पायावर उभं ऱ्हायल्यावरच मी सुरी घेतली.

पर कुणीतरी फोटो काढला हुता मांडीवर घेतल्याचा, उठल्याचा न्हाई. कुणी काढला आजतागायत कळलं न्हाई. त्याच्याखाली लिहिलं, परंदवडीच्या मुलाण्यानं मेलेलं बोकड कापलं आन गावाला चारलं. मेलेलं आमच्यात हराम. ते हिंडत हिंडत उस्मानकडं गेलं. आन उस्माननं, माझ्या उस्माननं, मला एक फोन लावला न्हाई. त्यानं बटण दाबलं आन बोलला, भावांनो, गुलाबला मी लहानपणापासनं ओळखतो, पर हरामाला मी दोस्ती म्हणणार न्हाई, त्याच्या हातचं आन त्याच्या पोराच्या दुकानातलं खाऊ नका. बांग देतो त्याच आवाजात बोलला. झालं. फोटोवर कुणी इस्वास ठेवला नसता, आवाजावर ठेवला.

माझा पोरगा रफिक, त्याचं लोणावळ्यात मटणाचं दुकान. दोन-चार दिसात गिऱ्हाईक बंद. पोरगा माझ्या तोंडाकडं बघायचा, विचारायचा न्हाई. मी म्हणलं विचार की. तर म्हणला, अब्बा, विचारलं तर तुमी मला घरात ठेवाल का. म्हणलं न्हाई ठेवणार. म्हणला मग कशाला विचारू.

त्याच महिन्यात नातीचं लग्न, तारीख धरलेली, मोडता येईना. आता ऐका. पावणे आले, सगळे आले, गळाभेट झाली, मुबारक म्हणले, पंगतीला बसले. मी सोता बोकडं केलेली, सोता. भात संपला, दही संपलं, गोडाचा भात संपला, आन बिर्याणीची ताटं जशीच्या तशी. कुणी वाईट बोललं न्हाई हां, एकजण म्हणला पोट बरं न्हाई, एक म्हणला डाक्टरनं सांगितलंय. सगळ्या लोणावळ्याचं पोट एकाच दिवशी बिघडलं. माझी बायको जैतून ताटं उचलत हुती, तिनं एक ताट उचललं, दुसरं उचललं आन तितंच खाली बसली. पाटलाची थोरली सून वैशाली आलती, ती म्होरं झाली, जैतूनच्या हातातलं ताट घेतलं आन तितंच बसून खाल्लं, हळूहळू, सगळं.

वैशालीनंच मग सांगितलं, चाचा, मी जत्रेचा व्हिडिओ काढलाय, बघू तर खरं. बघितला तर त्यात मी पाणी पाजतोय आन बोकड उठतंय, कान झाडतंय, सगळं हाय. रफिकनं तो उस्मानला धाडला. ग्रुपवर न्हाई, नुसता उस्मानला. मी सांगितलं तसं. म्हणलं त्यानं घाण केली, झाडू त्याच्याच हातात द्या.

उस्मान दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलनं तळेगावला उतरला आन तितनं रिक्षानं माझ्या दारात. हातात चिक्कीचा पुडा. आत या म्हणलं न्हाई मी. तो म्हणला गुल्या, चुकलो, माफ कर. पोरपणचं नाव घेतलं त्यानं. मी म्हणलं ग्रुपवर जे बोललास त्याचं काय ते कर आदी. तर म्हणला, पुसलं ते मी, बघ माझ्या फोनात न्हाईये आता. काय म्हणावं ह्या माणसाला. त्याला खरंच वाटत हुतं, आपल्या फोनातनं पुसलं म्हंजे दुनियेतनं पुसलं. रफिकनं आपला फोन काढला आन बटण दाबलं, उस्मानचाच आवाज अंगणात, हरामाला मी दोस्ती म्हणणार न्हाई. उस्मानचं तोंड बघाय पायजे हुतं तुमी.

मी म्हणलं, तू म्हणलास मी मेलेलं चारलं. मौलाना काय सांगतात, माघारी भावाचं वाईट बोलला तो मेलेल्या भावाचं मांस खातो. मग इतके दिवस तू काय खात हुतास, आन चारशे लोकांना काय वाढलंस. तो म्हणला माफ कर, अल्लाकडं बी मागतोय. म्हणलं अल्लाचं तू आन अल्ला बघा. माणसाचं माणसाकडं असतंय. आन चावडीवर शिवी द्यायची, बोळात येऊन पाया पडायचं, हे मला चालत न्हाई. चारशे लोकांत घेतलंस नाव, चारशे लोकांत परत दे. जैतून आतनं म्हणत हुती, अवं द्या की माफी, म्हातारा माणूस उन्हात उभा हाय. मी न्हाई दिली. उस्मान म्हणला शुक्रवारी नमाजनंतर बोलतो ग्रुपवर, सगळ्यांच्या म्होरं, शब्द देतो. चिक्कीचा पुडा उंबऱ्यावर ठेवला आन गेला.

मी चुकलो असं मी आज बी म्हणत न्हाई. तुमाला राग आला तर येऊ द्या. बरोबरच मागितलं हुतं मी. पर बरोबर मागितलेलं पचतंयच असं न्हाई, ते येगळं.

शुक्रवार यायच्या आदीच उस्मानला झटका आला. अर्धं अंग गेलं आन वाचा गेली. ज्याच्या बांगेवर लोणावळा उठायचा त्याची वाचा. जैतून म्हणली चला. मी म्हणलं चल.

गेलो तर खाटेवर, तोंड एका बाजूला वळलेलं, पर डोळे तेच, मला ओळखलं. त्याची बायको रुकय्याभाबी उशाशी. तो डाव्या हातानं चादरीवर काय तरी शोधाय लागला, भाबी म्हणली पाणी पायजे का, न्हाई, औषध का, न्हाई. फोन पायजे हुता त्याला. दिला. त्यानं जमातीचा ग्रुप काढला, लय येळ लागला, आमी कुणी हात लावला न्हाई. मग ते बटण अंगठ्यानं दाबून धरलं आन माझ्याकडं बघत बोलाय लागला. आ, आ, गु, आ. तेवढंच. घाम आला त्याला. माझं नाव घ्यायचं हुतं, त्यातलं पहिलं अक्षर आलं, पुढचं आलं न्हाई. अंगठा सुटला आन ते गेलं, चारशे लोकांकडं.

लगेच उत्तरं यायला लागली. अल्ला बरं करो. आमीन. लवकर उठा चाचा. कुणालाच कळलं न्हाई ते काय हुतं. मला कळलं. मी त्याचा हात धरला, म्हणलं, पोचलं उस्मान. मला पोचलं. त्यानं मान हालवली, न्हाई म्हणून. लोकांना न्हाई पोचलं, असं म्हणत हुता तो. म्हणलं, लोकांचं मी बघतो, तू पड.

दोन दिसांनी गेला. मैत उचलायच्या आदी पोरानं म्होरं उभं ऱ्हायचं आसतंय आन म्हणायचं आसतंय, अब्बांनी कुणाला दुखवलं आसलं तर माफ करा, रीत हाय आमच्यात. त्याचा पोरगा म्हणला, लोक म्हणले माफ केलं. मी रांगेतनं म्होरं गेलो. सगळ्यांना वाटलं म्हातारा आता काय तरी काढतोय. मी म्हणलं, ह्यानं माझ्याबद्दल खोटं पसरवलं, आन मरायच्या आदी सगळ्यांसमोर परत घेतलं, तुमच्या फोनात हाय ते, तुमाला आजारी माणसाचं कण्हणं वाटलं. माफ हाय माझ्याकडनं, तो जिता आसतानाच केलंय. मग आमी त्याला नेलं. माती देताना माझ्या हाताला कंप हुता, तेवढ्यापुरता.

रफिकचं दुकान काय परत चाललं न्हाई. तो आता चाकणला कंपनीत जातो. जमातीतली माणसं माझ्या हातचं खातात आता, लाजत का हुईना. वैशालीचा व्हिडिओ बी ग्रुपवर गेला, पर तो कुणी पुढं धाडत न्हाई, त्यात काय घडतच न्हाई ना, एक म्हातारा बोकडाला पाणी पाजतोय. आन उस्मानचं ते पहिलं बोलणं अजून फिरतंय. बकरी ईद जवळ आली की येतं परत, कुटनं कुटनं येतं, जालन्याच्या माणसाकडनं आलं, हुबळीवरनं आलं, ज्यांनी मला बघितलं न्हाई, उस्मानला बघितलं न्हाई. आवाज मात्र तसाच, ठणठणीत. जैतून म्हणती पुसून टाका. मी आदी एकदा ऐकतो. उस्मानचा आवाज दुसरा कुटं ऱ्हायलाय माझ्याकडं. ऐकतो आन मग बटण दाबतो, आन ज्यानं धाडलं त्याला सांगतो, मी परंदवडीचा गुलाब, हे खोटं हाय, बोलणारा माणूस मयत झालाय, मी त्याला माफ केलंय, आता हितनं पुढं धाडशील तर पाप त्याच्या माथी न्हाई, तुझ्या माथी. कुणी माफी मागतं, कुणी हसतं, एकानं शिवी दिली. देऊ द्या. तिकडं कबरीत पडलेल्या माणसाच्या पापाच्या वहीत हे अजून चढत आसलं तर ते थांबवायला दुसरं कोण बसलंय.

तुमी हे लिहिताय ताई, लिहा, मी न्हाई म्हणत न्हाई. तुमी म्हणला फोनवर बी टाकणार. मग एक करा. टाकायच्या आदी लोणावळ्याला जावा, रुकय्याभाबीला सगळं वाचून दाखवा, नाव आन सगळं, तिला ऐकू कमी येतं, जवळ बसून वाचा. तिनं व्हय म्हणलं तर टाका. तिनं न्हाई म्हणून मान हालवली तर फाडून टाका, मला विचाराय पण येऊ नका. तिचा नवरा हाय तो, आन परत बोलाय येणार न्हाई त्याला. जावा, गाडी चुकंल तुमची. अल्ला तुमच्या हातनं कुणाचं खोटं न लिहवो.