स्क्रिप्ट म्हणे, चालू हाय

अकोल्याच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर म्हातारे खुशालराव बसले होते. बडनेऱ्याला त्यांच्या शेजारी संघपाल येऊन बसला. तो कुठल्याशा ऑफिसची तक्रारींची वेबसाइट सांभाळतो, असं बोलण्यातून कळलं.

"काय रे संघपाल, इतका नटून कुठं चालला?"

"अकोल्याले साहेबाचा सत्कार हाय, काका. पण माह्यं डोकं फिरलं हाय."

"काहून?"

"साइट चालू हाय का बंद, हे एक स्क्रिप्ट, म्हंजे लहानसा प्रोग्राम, सांगते. हॅकरपासून वाचवाले मी साइट चालवणारा सर्व्हर एका फोल्डरात कोंडला. चालू असला का तो हजेरीची फाईल ठेवते; ती आता आत गेली, पण जुनी फाईल बाहेरच राहिली. स्क्रिप्ट तिलेच पाहून म्हणे, चालू हाय."

"अन खरं?"

"पोळ्यापासून बंद! काल मी स्क्रिप्टले आत पाहाले लावलं, तं तिनं लगेच बंद सांगतलं."

"मंग चालू कर न!"

"साहेब म्हणे, सत्काराच्या तोंडावर शहाणपणा करू नको. जुनीच स्क्रिप्ट बसव."

"बसवली?"

"बसवली. काय करता!"

"अन इतके दिवस लोकं बोंबलले नाही?"

"कुठं बोंबलतीन? तक्रार साइटवरच करा लागते."

"मंग सत्कार कायचा हाय बाप्पा?"

"पोळ्यापासून एकबी तक्रार नाही आली, त्याचा."